सोसायटीच्या नळाच्या पाण्यात शिसे किंवा इतर धातू आहेत का, हे कसे कळावे?

नीला_मुलुंड

नमस्कार. आमची इमारत मुलुंड पूर्वेला आहे, १९७८ सालची, चार मजली. पालिकेचे पाणी पहाटे सुमारे अडीच तास येते, ते तळटाकीत साठते आणि पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढवले जाते. एप्रिल-मेमध्ये पाणीकपात सुरू झाली की आवारातील बोअरवेल, जी खरे तर फ्लश आणि गाड्या धुण्यासाठी आहे, तिचे पाणीही तळटाकीत सोडले जाते. असा ठराव कोणत्याही सभेत झालेला नाही. टाकी रिकामी दिसली की पंपवाला व्हॉल्व्ह फिरवतो आणि आपण सगळे त्याकडे काणाडोळा करतो, इतकेच.

गेल्या आठवड्यात शुद्धीकरण यंत्रे विकणारे एक गृहस्थ घरी आले. त्यांच्या मीटरवर आमच्या नळाच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, ३४० दिसला. पावसाळ्यात शेजाऱ्यांनी मोजला होता तेव्हा तो सत्तरच्या आसपास होता. त्यानंतर त्यांनी दोन ग्लासांत विजेची एक जोडणी बुडवली. आमच्या पाण्याचा ग्लास दोन मिनिटांत गढूळ, तपकिरी झाला आणि त्यांनी सोबत आणलेले पाणी जसेच्या तसे राहिले. 'हे सगळे जड धातू तुमच्या पोटात जातात,' असे सांगून ते यंत्राची किंमत बोलू लागले. मी त्यांना परत पाठवले, पण त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण माझी लेक बाळंतपणासाठी आमच्याकडे आहे, नातू तीन महिन्यांचा आहे, आणि अंगावरचे दूध पुरेसे नसल्याने त्याला दिवसातून चार वेळा पावडरचे दूध याच पाण्यात कालवून दिले जाते. आम्ही पाणी वीस मिनिटे उकळतो.

मला विचारायचे आहे ते असे. टीडीएसच्या आकड्यावरून धातूंविषयी काही कळते का? उकळल्याने ते जातात का? तपासणी करायची तर नमुना कुठला आणि कसा घ्यावा? आणि सोसायटीत पुढच्या रविवारी केसांवरून जड धातू तपासण्याचे एक शिबिर होणार आहे, त्यात लेकीची आणि बाळाची तपासणी करून घ्यावी का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.


निवृत्त_रसायनज्ञ

नीलाताई, पाण्यातील धातू मोजणे हे माझे तीस वर्षांचे काम होते, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

प्रथम त्या तपकिरी ग्लासाविषयी, कारण त्या प्रयोगाने आजवर असंख्य घरांना घाबरवले आहे. त्या जोडणीतील कांड्यांमध्ये एक जोडी लोखंडाची असते. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, लोखंडाची कांडी झिजते आणि त्या लोखंडाचा गंज पाण्यात उतरतो. तुम्ही पाहिलेला गाळ तुमच्या पाण्यातला नव्हता, त्यांच्या कांडीतला होता. त्यांनी आणलेल्या पाण्यात क्षारच जवळपास नव्हते, त्यामुळे त्यातून वीज वाहिली नाही आणि ते स्वच्छ दिसले. त्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकले असते, तर तेही तसेच तपकिरी झाले असते.

टीडीएस मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि तिच्यावरून एकूण विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. हे क्षार म्हणजे मुख्यतः कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, क्लोराइड, बायकार्बोनेट, सल्फेट. ते लिटरमागे मिलिग्रॅममध्ये, दहा-शंभरांच्या घरात असतात. शिसे, सोमल म्हणजे आर्सेनिक, कॅडमियम, पारा, निकेल यांना आपण लेश मूलद्रव्ये म्हणतो ते याचसाठी, की त्यांचा हिशेब लिटरमागे मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागात चालतो. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात शिसे लिटरला ०.०१ मिलिग्रॅमच्या वर असता कामा नये. कॅडमियमची मर्यादा ०.००३ आणि पाऱ्याची ०.००१ मिलिग्रॅम आहे. तुमच्या ३४० च्या आकड्यात शिशाची मर्यादा चौतीस हजारांत एक भाग इतकी बसते. मर्यादेच्या दहापट शिसे असले, तरी मीटरचा काटा हलणार नाही. घरगुती भाषेत सांगायचे, तर हजार लिटरच्या टाकीत तीन-चार तिळांच्या वजनाइतके शिसे विरघळले की ती टाकी मर्यादेला पोहोचते, आणि त्या पाण्याला ना रंग येतो, ना वास, ना चव.

तरीही तुमचा ३४० चा आकडा निरुपयोगी नाही. पावसाळ्यातील सत्तर आणि आताचे ३४०, यांतला फरक असे सांगतो की आज तुमच्या नळाला येणारे पाणी मोठ्या प्रमाणात बोअरवेलचे आहे. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे मूळ येथे आहे, आणि ते बोअरवेलमध्ये धातू असतील की नाही यापेक्षा थोडे वेगळे आहे.

मुंबईला पाणी देणारे सात जलाशय, म्हणजे ऊर्ध्व वैतरणा, मोडकसागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी, हे पावसाच्या पाण्यावर भरतात आणि त्यांचे पाणलोट बहुतांशी काळ्या कातळाचे, बेसाल्टचे आहेत. हे पाणी हलके असते. साबणाला फेस भरपूर येतो तो त्यामुळेच. भांडुप आणि पांजरापूर येथे ते गाळून आणि क्लोरीन घालून शहरात येते. या मूळ पाण्यात शिसे मर्यादेबाहेर असण्याचे कारण मला दिसत नाही. शिसे मिळते ते पुढे, आपल्याच इमारतीत: जुन्या जोडांत, पितळी नळांत, जस्ताचा मुलामा दिलेल्या पाइपांत. पितळ सहज कापले जावे म्हणून त्यात थोडे शिसे घालण्याची जुनी रीत आहे, आणि मुलाम्याच्या जस्तात शिसे व कॅडमियम हे अशुद्धीच्या रूपाने असू शकतात.

पण जुन्या पाइपाच्या आत वर्षानुवर्षे एक थर बसतो, आणि पाणी एकाच प्रकारचे असेल तर तो थर धातूला पाण्यापासून बऱ्यापैकी दूर ठेवतो. पाण्याचा स्वभाव बदलला की थराचाही तोल बदलतो. अमेरिकेतील फ्लिंट शहरात एप्रिल २०१४ मध्ये हेच घडले. पैसे वाचवण्यासाठी शहराचे पाणी ह्युरॉन सरोवराऐवजी फ्लिंट नदीचे करण्यात आले, त्या नदीच्या पाण्यात क्लोराइड जास्त होते, आणि पाइप झिजू नयेत म्हणून घालायचे रसायन घातलेच गेले नाही. नदीत शिसे नव्हते. ते लोकांच्या जुन्या जोडण्यांतून सुटले. सुमारे लाखभर वस्तीच्या त्या शहरात मुलांच्या रक्तातील शिसे वाढल्याचे एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी दाखवून दिल्यानंतर, ऑक्टोबर २०१५ मध्ये जुना स्रोत पुन्हा सुरू झाला. तुमच्या सोसायटीत दर उन्हाळ्यात व्हॉल्व्ह फिरवून याच प्रकारचा बदल लहान प्रमाणावर होतो: आठ-नऊ महिने हलके तलावाचे पाणी, मग दोन-तीन महिने क्लोराइडयुक्त भूजल. खाडीजवळच्या भागात तर भूजलात खारटपणा असतोच. असे पाणी पितळातून जस्त आणि शिसे ओढून काढते. म्हणून बोअरवेलचा नमुना स्वच्छ आला, तरी निर्धास्त होऊ नका. स्वयंपाकघरातील नळाचा नमुना घेतल्याशिवाय काहीच कळणार नाही.

नमुना असा घ्यावा. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेकडून प्लॅस्टिकच्या बाटल्या आणाव्यात. त्यांत बहुधा नायट्रिक आम्लाचे काही थेंब असतात, धातू बाटलीच्या भिंतीला चिकटू नयेत यासाठी, तेव्हा बाटली विसळू नये आणि हाताला लागू देऊ नये. रात्री झोपताना स्वयंपाकघरातील नळ बंद केल्यावर सकाळपर्यंत, निदान सहा तास, घरात कोठेही पाणी वापरू नये, आणि सकाळचे पहिले पाणी, अगदी पहिल्या थेंबापासून, एका बाटलीत भरावे. नळाची जाळी काढू नये, कारण तिच्यात अडकलेले कणही तुम्ही एरवी पीतच असता. मग पाच मिनिटे पाणी बादलीत सोडून दुसरी बाटली भरावी. तिसरी गच्चीच्या टाकीतून आणि चौथी थेट बोअरवेलमधून. पहिलीत शिसे जास्त आणि दुसरीत कमी आले, तर दोष नळात किंवा जवळच्या जोडात. दोन्हींत सारखेच जास्त आले, तर तो मागे, उभ्या पाइपात किंवा टाकीत. प्रयोगशाळेला 'आयसीपी-एमएस पद्धतीने शिसे, आर्सेनिक, कॅडमियम, क्रोमियम, निकेल, मँगनीज, तांबे, जस्त' असे लेखी सांगावे (आयसीपी-एमएस ही अत्यल्प धातू मोजण्याची यंत्रपद्धत आहे) आणि सोबत क्लोराइड व सामू, म्हणजे पीएच, मोजून घ्यावा. नुसते 'पाणी तपासा' म्हटले, तर जंतू, गढूळपणा आणि टीडीएस एवढेच मोजून अहवाल हातात येतो.

उकळण्याविषयी: उकळल्याने जंतू मरतात, धातू उडून जात नाहीत. उलट दोन लिटर पाणी उकळून दीड लिटर उरले, तर धातूचे प्रमाण एक तृतीयांशाने वाढते. तोवर बाळाच्या दुधासाठी रात्रभर नळात थांबलेले पाणी अजिबात वापरू नका. सकाळचे पहिले पाणी भांडी, लादी, कुंड्या यांना वापरा, निदान पाच मिनिटांचे पाणी जाऊ द्या आणि मग पिण्याचे भरा. पाणी फुकट घालवावे, असे मुंबईत मी कधीच म्हणणार नाही. ते फक्त वेगळ्या कामाला लावायचे आहे.


गिरगाव_तिसरामजला

मी वयाने मोठा आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. आमच्या चाळीत नळ माझ्या आजोबांच्या वेळचे होते. तीन पिढ्या तेच पाणी पितात आणि आम्ही सगळे शिकलो, नोकऱ्या केल्या, संसार केले. कोणाला काही झाले नाही. आता प्रत्येक गोष्टीत विष शोधण्याची सवय लागली आहे आणि तिच्यावर यंत्रे विकली जातात. आमच्या घरी रात्री तांब्याच्या हंड्यात पाणी भरून ठेवतात, सकाळी तेच पितात, आणि माझी आई ब्याण्णव वर्षे जगली. नीलाताईंनी उगाच घाबरू नये, असे मला मनापासून वाटते.


डॉक्टर_दादर

मी बालरोगतज्ज्ञ आहे. गिरगावच्या काकांनी लिहिलेले मला आपुलकीचे वाटले, आणि घाबरू नये या सल्ल्याशी मी सहमत आहे. परंतु 'कोणाला काही झाले नाही' हा निष्कर्ष शिशाच्या बाबतीत काढता येत नाही, आणि त्याचे कारण समजावून सांगणे माझे कर्तव्य आहे.

शिशाचे थोडे प्रमाण दीर्घकाळ शरीरात गेले, तर मूल आजारी दिसत नाही. ते खेळते, जेवते, त्याचे वजन वाढते. नुकसान होते ते घडत असलेल्या मेंदूचे, आणि ते बुद्ध्यंकात काही गुणांची घट, लक्ष न लागणे, वाचन उशिरा येणे अशा रूपात असते. एकट्या मुलाकडे पाहून ते कोणालाही ओळखता येत नाही, आईलाही नाही आणि मलाही नाही. हजारो मुलांची तुलना केल्यावरच ते दिसते. मोठ्या माणसांत रक्तदाब आणि मूत्रपिंड यांवर परिणाम होतो, आणि मुंबईत रक्तदाबाला इतकी कारणे आहेत, की त्यात पाण्याचा वाटा कोणी शोधत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका अशी आहे, की शिशाची कोणतीही पातळी निर्धोक ठरलेली नाही; लिटरला १० मायक्रोग्रॅम ही मर्यादा गाठता येण्याजोगी म्हणून ठेवलेली आहे, निरुपद्रवी म्हणून नव्हे.

डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टीचा अनुभव आपल्या शेजारच्या बंगालने घेतला आहे. तळ्यांच्या पाण्याने जुलाब आणि कॉलरा होत, म्हणून गावोगाव हातपंपाच्या कूपनलिका खोदल्या गेल्या. पाणी नितळ, गार, जंतुरहित. १९८३ मध्ये कोलकात्यातील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्याकडे अंगावर काळे-पांढरे ठिपके आणि तळहात-तळपायांवर कठीण गाठी असलेले ग्रामस्थ येऊ लागले, आणि ते लक्षण कूपनलिकांच्या पाण्यातील आर्सेनिकाचे आहे, हे त्यांनी ओळखले. बांगलादेशात ही बाब १९९३ मध्ये उघड झाली, आणि २००० सालच्या अंदाजानुसार तेथील साडेबारा कोटी लोकांपैकी साडेतीन ते पावणेआठ कोटी लोकांना या पाण्याचा धोका होता. वर्षानुवर्षे त्या पाण्याची आर्सेनिकासाठी तपासणी झाली नव्हती, एवढेच त्यामागचे कारण. मुंबईच्या कातळात त्या गाळाच्या मैदानासारखी परिस्थिती नाही, त्यामुळे येथे तशी भीती घालणे चुकीचे होईल. महाराष्ट्रात भूजलातील मोठा त्रास फ्लोराइडचा आहे, चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांत. पिवळे-तपकिरी दात आणि ताठरलेले सांधे मी विदर्भातील नोकरीच्या काळात पाहिले आहेत आणि ते विसरलेलो नाही.

आता बाळाविषयी. साठ किलोचा माणूस दिवसाला दोन लिटर पाणी पितो. पाण्यात लिटरला १० मायक्रोग्रॅम शिसे असेल, तर त्याच्या शरीराला किलोमागे एक तृतीयांश मायक्रोग्रॅम मिळते. पाच किलोचे बाळ केवळ पावडरच्या दुधावर असेल, तर ते सुमारे पाऊण लिटर पाणी घेते, म्हणजे किलोमागे दीड मायक्रोग्रॅम, साडेचारपट. त्यावर भर म्हणजे मोठ्या माणसाच्या आतड्यातून शिशाचा साधारण दहावा भाग रक्तात जातो, तर लहान मुलाच्या आतड्यातून चाळीस ते पन्नास टक्के. शरीरात लोह किंवा कॅल्शियम कमी असेल, तर हे शोषण आणखी वाढते. म्हणून नीलाताई, तुमची काळजी योग्य ठिकाणी आहे. तुमच्या नातवाला अर्धे तरी अंगावरचे दूध मिळते, ही फार चांगली गोष्ट आहे. ते चालू ठेवा. आईच्या शरीरात थोडे शिसे असले, तरी दुधात त्याचा अगदी लहान अंश उतरतो. लेकीने कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या सोडू नयेत, कारण हाडांत वर्षानुवर्षे साठलेले शिसे गरोदरपणात आणि अंगावर पाजताना पुन्हा रक्तात येऊ शकते.

केसांच्या तपासणीच्या शिबिराला जाऊ नका. केसांवर बाहेरून चिकटलेला धातू आणि आतून आलेला धातू नीट वेगळे करता येत नाहीत. ज्या पाण्याने डोके धुतले, तेच पाणी अहवालात दिसू शकते. तीन महिन्यांच्या बाळाच्या जावळावरून तर काहीच सांगता येणार नाही. शिशासाठी शिरेतील रक्ताची तपासणी करतात. २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार जागतिक आरोग्य संघटना डेसिलिटरला, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात, ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक आल्यास शिसे कोठून येते ते शोधून थांबवावे, असे सांगते. आधी पाणी तपासा. पाण्यात शिसे आढळले, तर बाळाचे रक्त तपासू. आर्सेनिकासाठी लघवी तपासतात, आणि येथे मुंबईकरांसाठी एक महत्त्वाची गोष्ट: तपासणीपूर्वी चार दिवस मासे, कोळंबी, खेकडे खाऊ नयेत. मासळीत आर्सेनिकाचे एक निरुपद्रवी सेंद्रिय रूप असते, ते लघवीतून बाहेर पडते, आणि काल रात्री सुरमई खाल्लेला माणूस अहवाल वाचून विषबाधा झाली, असे समजतो. असा एक घाबरलेला परिवार माझ्याकडे येऊन गेला आहे.

आणि केवळ पाण्याकडेच पाहू नका. बाळाच्या डोळ्यांत बाजारचे काजळ किंवा सुरमा घालत असाल, तर आजच बंद करा. सुरम्यात शिशाचे संयुग असते. इमारत १९७८ ची आहे, तेव्हा खिडक्यांच्या जुन्या तैलरंगाचे पापुद्रे निघत असतील, तर ती धूळही पुसून काढा. घरगुती रंगांत शिशाची ९० पीपीएम (दहा लाखांत ९० भाग) ही मर्यादा आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, त्याआधीच्या रंगांचा भरवसा नाही.

काकांच्या तांब्याच्या हंड्याविषयी: साध्या पाण्यासाठी तो उत्तम आहे. तांबे हे शरीराला लागणारे मूलद्रव्य आहे, त्याची कमाल मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम आहे, आणि रात्रभर ठेवलेल्या साध्या पाण्यात ती सहसा ओलांडली जात नाही. मात्र त्यात लिंबूपाणी, ताक किंवा कोकमाचे सार ठेवू नये, आणि कल्हई केलेल्या भांड्यासाठी शुद्ध कथील वापरले जाते ना, हे कल्हईवाल्याला विचारावे. स्वस्तात मिळते म्हणून त्यात शिसे मिसळलेले असू शकते.


नळकाम_भांडुप

डॉक्टरांनी आणि रसायनज्ञ साहेबांनी सगळे समजावलेच आहे. मी पंचवीस वर्षे इमारतींची नळकामे करतो, म्हणून जे हातांनी पाहिले आहे, तेवढेच लिहितो.

१९७८ च्या इमारतीत जी.आय., म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप असणार आणि त्याच्या आट्यांवर सूत गुंडाळून सफेदा लावलेला असणार. त्या वेळच्या सफेद्यात शिसे असायचे. टेफ्लॉन टेप नंतर आली. पालिकेच्या बाजूचे जुने बिडाचे पाइप शिसे ओतून जोडलेले असत, पण तेथे पाण्याला लागणारी जागा अगदी कमी असते आणि पाणी वाहते असते. मला जास्त संशय येतो तो स्वयंपाकघरातल्या नळाचा. वरून चकचकीत क्रोमियम आणि निकेलचा मुलामा, आत हलक्या भंगार पितळेचे ओतकाम, असे वजनाला हलके आणि किमतीला स्वस्त नळ लोक हौसेने बसवतात. असा नळ नवा असताना सगळ्यात जास्त सोडतो. ताई, तुमचा नळ अलीकडे बदलला आहे का, ते पाहा.

पाइप बदलायचे ठरले, तर अर्धे जुने जी.आय. आणि अर्धे नवे तांबे किंवा पितळ, असे जोडू नका. दोन वेगळ्या धातूंच्या जोडावर झीज वेगाने होते. सीपीव्हीसी किंवा पीपीआर या प्लॅस्टिकचे पाइप घ्या. साधा पीव्हीसी घ्यायचा असेल, तर दुकानदाराला शिसेविरहित आहे का, असे विचारून छापील खूण पाहून घ्या. पीव्हीसी टिकाऊ करण्यासाठी शिशाचे संयुग घालत असत, त्यावर निर्बंध घालणारे केंद्राचे नियम २०२१ मध्ये आले.

आणि तो व्हॉल्व्ह. मुंबईत बोअरवेल पिण्याव्यतिरिक्तच्या वापरासाठीच असते. तळटाकीत तिची जोडणी मुळीच असता कामा नये. ती कापून शेवटाला प्लग मारायचा, व्हॉल्व्ह नुसता बंद ठेवायचा नाही. बंद व्हॉल्व्ह कोणीतरी उघडतोच.


अंधेरी_वाचक

आम्ही आरओ बसवले आणि विषय संपला. इतका काथ्याकूट करण्यापेक्षा तेच का करू नये?


निवृत्त_रसायनज्ञ

अंधेरीच्या वाचकांना: आरओची पडदी शिसे, कॅडमियम, फ्लोराइड आणि आर्सेनिकाचे एक रूप चांगल्या प्रकारे अडवते, हे खरे आहे, आर्सेनिकाचे दुसरे, ऑक्सिजनविरहित भूजलात आढळणारे रूप ती बरेच कमी अडवते. परंतु सत्तर टीडीएसच्या तलावाच्या पाण्यावर ती लावणे म्हणजे चांगले पाणी गटारात सोडण्यासारखे आहे, कारण पिण्याच्या प्रत्येक लिटरमागे घरगुती यंत्र बहुधा त्याहून अधिक पाणी टाकून देते, आणि हे आपण पाणीकपातीच्या दिवसांत करतो. शिवाय पडदी जुनी झाली, की धातू पुन्हा येऊ लागतात आणि कोणाला कळत नाही. ज्यांना टँकरच्या किंवा बोअरवेलच्या पाण्यावाचून पर्यायच नाही, त्यांच्यासाठी ते योग्य साधन आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये टँकरचालकांनी संप केला, तेव्हा या शहरातील किती इमारती त्या पाण्यावर चालतात, हे आपण सर्वांनी पाहिले. त्या रहिवाशांनी आरओ बसवण्याआधी टँकरच्या पाण्याची धातूंसाठी एकदा तपासणी करावी, म्हणजे यंत्र कशासाठी हवे आहे, हे तरी कळेल.


नीला_मुलुंड

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे चार नमुने दिले होते, अहवाल काल आला. तो येथे लिहिते, कारण दुसऱ्या कोणाला उपयोग व्हावा.

बोअरवेलच्या पाण्यात शिसे लिटरला १ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी, आर्सेनिक २, पण मँगनीज ०.३८ मिलिग्रॅम आणि क्लोराइड ४६० मिलिग्रॅम. गच्चीच्या टाकीत शिसे १. स्वयंपाकघरातील सकाळच्या पहिल्या पाण्यात शिसे १९ मायक्रोग्रॅम, निकेल ३१, जस्तही भरपूर. पाच मिनिटांनंतरच्या पाण्यात शिसे २ आणि निकेल ४. नळकामवाल्या दादांचा अंदाज बरोबर निघाला: तो नळ गेल्या दिवाळीच्या आधी घर रंगवले तेव्हा बदललेला आहे, आणि तो मीच पसंत केला होता.

बाळाचे रक्त तपासले. डेसिलिटरला १.८ आले. डॉक्टर, हे ठीक आहे ना? आणि मँगनीजचे काय करायचे?


डॉक्टर_दादर

१.८ ला कोणताही उपचार लागत नाही. स्रोत बंद झाला, की रक्तातील शिसे साधारण महिन्याभरात निम्म्यावर येते. तीन महिन्यांनी एकदा पुन्हा तपासू आणि मग सोडून देऊ. शरीरातील शिसे काढण्याची औषधे देतो, असे कोणी सांगितले, तर घेऊ नका; ती औषधे फार मोठ्या पातळ्यांसाठी आहेत आणि त्यांचे स्वतःचे धोके आहेत. मँगनीज शरीराला थोडे लागते, पण तुमचा ०.३८ चा आकडा मानकातील ०.३ या कमाल मर्यादेच्या वर आहे, आणि तान्ह्या बाळाचे यकृत ते नीट बाहेर टाकू शकत नाही. बोअरवेल तळटाकीतून तोडली, की हा प्रश्नही तिच्याबरोबर जाईल.

नळ तुम्ही पसंत केला, याचा सल मनात ठेवू नका. पेटीवर शिशाचे प्रमाण छापलेले नसेल, तर कोणत्याही आजीला ते कसे कळावे?


निवृत्त_रसायनज्ञ

नीलाताई, अहवाल अगदी स्पष्ट आहे. टाकीत १, पाच मिनिटांनंतर २, पहिल्या पाण्यात १९. म्हणजे शिसे शेवटच्या हातभर अंतरात मिळते आहे. निकेल आणि जस्त सोबत वाढले आहेत, ही नळाचीच खूण आहे. निकेलची मर्यादा ०.०२ मिलिग्रॅम आहे, तीही पहिल्या पाण्याने ओलांडली आहे. नळ बदलल्यावर जाळी काढून पाच मिनिटे जोरात पाणी सोडा, दोन आठवडे वापरा आणि फक्त पहिल्या पाण्याचा एक नमुना पुन्हा द्या. बाकीच्या घरांनीही निदान पहिल्या पाण्याची एकेक बाटली द्यावी. क्लोराइड सगळ्यांच्याच पाइपांतून गेलेले आहे, फक्त तुमच्या नव्हे. गच्चीच्या टाकीच्या तळाशी काळपट गाळ असेल, तर तो मँगनीजचा आहे. टाकी धुताना तो ढवळून खाली नळांत जाऊ देऊ नका, निचऱ्याच्या तोंडाने बाहेर काढा.


नीला_मुलुंड

नळ आज बदलला. अहवालाच्या बत्तीस प्रती काढून प्रत्येक दारात दिल्या आणि रविवारच्या शिबिराच्या जागी सोसायटीची विशेष सभा बोलावली आहे. विषय एकच ठेवला आहे: बोअरवेलची जोडणी तळटाकीपासून कापणे आणि मेअखेरपर्यंत पाणी पुरेल असे वेळापत्रक ठरवणे. सचिवांनी विचारले, की कापल्यावर टंचाईत काय करायचे. मी म्हटले, फ्लशची वेगळी लाइन आधीपासून आहे, ती फक्त तिसऱ्या मजल्यापर्यंत नेलेली आहे. चौथ्या मजल्याच्या आठ घरांसाठी ती वर न्यायला किती खर्च येईल, ते नळकामवाले दादा सभेत येऊन सांगतील का? सभा संध्याकाळी सहाला, तळमजल्यावर आहे.


नळकाम_भांडुप

येतो. पाइपांची मापे घ्यायला पाच वाजताच येतो. गच्चीची किल्ली तेवढी पंपवाल्याकडून घेऊन ठेवा.